आमची वाटचाल : कालव्यावरचा खेळ आणि चाळीस वर्षे

इंग्लंडमधील लेमिंग्टन स्पा या गावात आणि आसपासच्या परिसरात आज व्हिडिओ गेम बनवणारे इतके स्टुडिओ आहेत की या भागाला 'सिलिकॉन स्पा' असे नाव पडले आहे. या नावाखाली छापून आलेले बरेच लेख मी वाचले आणि जपूनही ठेवले, परंतु त्यांपैकी एकातही आमच्या स्टुडिओचा उल्लेख मला सापडला नाही. आम्ही १९८५ साली परेड या मुख्य रस्त्यामागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत काम सुरू केले, तेव्हा ते नाव कोणाच्या डोक्यातही नव्हते. म्हणून ही हकिगत मीच लिहायला बसलो आहे.

माझे वडील सांगलीहून इथल्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर म्हणून आले आणि कॉव्हेंट्रीत स्थिरावले. १९८२ साली स्पेक्ट्रम हा ४८ के (किलोबाइट) स्मृतीचा घरगुती संगणक १७५ पौंडांना बाजारात आला. मुलाचे गणित सुधारेल या आशेने वडिलांनी तो घरात आणला, आणि महिन्याभरात गणिताची वही बाजूला पडून आलेखाच्या कागदाचे गठ्ठे घरात येऊ लागले. माझा भागीदार माझ्याच वर्गातला, वॉरिकचा. त्याचे आजोबा ग्रँड युनियन कालव्यावर नोकरीला होते. वॉरिकजवळ हॅटन येथे हा कालवा टेकडी चढतो आणि त्या चढणीवर एकामागून एक २१ लॉक, म्हणजे पाणी भरून वा सोडून बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद, आहेत. त्या आजोबांचे बोट धरून लहानपणी चाललेला हा मुलगा एक दिवस मला म्हणाला की, दोन्ही बाजूंचे पाणी एका पातळीला आल्याशिवाय लॉकचे दार माणसाच्या बळाने उघडत नाही, आणि वरच्या टप्प्यातले पाणी उधळले तर मागून येणारी बोट गाळात रुतते. याहून चांगला खेळ कोणता असणार?

तोच आमचा पहिला खेळ ठरला. कागदावर तो सोपा होता, परंतु स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आठ बाय आठ पिक्सेलच्या (पडद्यावरच्या ठिपक्यांच्या) एका चौकोनात दोनच रंग राहू शकतात. आमच्याकडे काळे आकाश, लाल बोट आणि निळे पाणी असे तीन रंग होते, आणि पाणी तर एकेक पिक्सेलने चढायचे होते. बोट वर सरकली की एखाद्या चौकोनात तिन्ही रंग गोळा होत आणि पाण्याला लाल डाग पडत. अकरा दिवस आम्ही त्यावर डोके आपटले. बाराव्या दिवशी भागीदाराने आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने बोट पुन्हा काढली आणि तिची पाण्यावरची उंची आठ पिक्सेलच्या खाली कधीही जाणार नाही असे ठरवले. बोट एवढी उंच असली की आकाश आणि पाणी एका चौकोनात येऊच शकत नाहीत. त्या दिवशीचा तो कागद आजही माझ्या टेबलासमोर चौकटीत लावलेला आहे.

त्या काळची हत्यारे आजच्या मुलांना दाखवावीशी वाटतात. सुरुवातीला आम्ही स्पेक्ट्रमवरच डेव्हपॅक या असेम्ब्लरमध्ये असेम्ब्ली, म्हणजे थेट यंत्राच्या जवळची भाषा, लिहीत असू; असेम्ब्लर तिचे यंत्राला कळणाऱ्या कोडमध्ये रूपांतर करतो. त्या ४८ केमध्ये असेम्ब्लर, मूळ कोड आणि तयार होणारा खेळ अशा तिघांना दाटीवाटीने राहावे लागे, आणि कोड कुठे चुकून सगळे बंद पडले की कॅसेटवरून पुन्हा पहिल्यापासून लोड करावे लागे. कॅसेट प्लेअरच्या हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो. तो केसभर फिरवला की कर्कश आवाज स्वच्छ होतो आणि न चढणारी कॅसेट चढते. त्यासाठीचा घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर भागीदाराच्या खिशात कायम असे. पुढे आम्ही पीडीएस ही खेळ बनवण्याची प्रणाली घेतली. पीसीवर कोड लिहायचा आणि केबलने तो काही क्षणांत समोरच्या यंत्रात उतरवायचा, ही सोय मिळाली त्या रात्री आम्ही दोघे घरी गेलोच नाही.

लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर एका गुजराती गृहस्थांचे विजेच्या वस्तूंचे दुकान होते. आम्ही त्यांना भाई म्हणत असू. मी बॅग खांद्याला लावून दुकाने हिंडत असताना त्यांनी खेळ स्वतः लावून पाहिला, तीन लॉक पार केले, चौथ्याला बोट रुतवली आणि मग २० कॅसेटी मागवल्या. बाजारात १.९९ पौंडांच्या स्वस्त कॅसेटींचा पूर आला होता आणि आमची कॅसेट ७.९५ ला होती. तरीही भाईंनी कधी घासाघीस केली नाही, न विकलेला माल परत पाठवला नाही आणि तिसाव्या दिवशी चेक पाठवायला कधी चुकले नाहीत. ज्या मोठ्या वितरकांची नावे लोक आदराने घेतात, त्यांच्यापैकी एकाबद्दलही मला असे म्हणता येणार नाही.

त्यानंतर अमिगा आणि अटारी एसटी हे अधिक ताकदीचे घरगुती संगणक आले आणि आम्ही इतरांचे खेळ त्या यंत्रांवर आणून देण्याचे काम धरले. असे नऊ खेळ आम्ही केले. खोक्यावर पुढे प्रकाशकाचे नाव असे आणि आमचे मागच्या बाजूला, भिंग लावून वाचावे एवढे. पैसे वेळेवर येत, त्यामुळे त्या वर्षांबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

१९९३ च्या मार्चमध्ये आम्ही कालव्याच्या खेळाचा दुसरा भाग एका प्रकाशकाशी करार करून हाती घेतला. आधी अमिगावर आणि नंतर पीसीच्या डॉस प्रणालीवर. आगाऊ रक्कम सहा हप्त्यांत मिळायची होती आणि चार हप्ते मिळाले. अमिगाच्या कॉपरचा, म्हणजे पडदा रेखाटला जात असतानाच रंग बदलू शकणाऱ्या भागाचा, उपयोग करून आम्ही पाण्याच्या रेषेखाली पडद्याचे सगळे रंग बदलत असू, आणि बुडालेला दगड हिरवट दिसत असे. ते दृश्य पाहून प्रकाशकाच्या माणसाने टाळ्या वाजवल्या होत्या. २९ एप्रिल १९९४ रोजी अमिगा बनवणारी कमोडोर कंपनी दिवाळखोरीत गेली. जुलैमध्ये आम्हाला पत्र आले की करार रद्द, आगाऊ रक्कम परत करा. मास्टर डिस्क आणि सगळे नकाशे त्यांच्याकडे होते. आम्ही सहा माणसे होतो आणि बँकेत सात आठवड्यांचे पगार होते.

नोव्हेंबरमध्ये आमचे दोन्ही चित्रकार एका प्रतिस्पर्धी स्टुडिओत गेले. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना घरे चालवायची होती. परंतु पुढच्या वसंतात त्या स्टुडिओचा जो खेळ आला, त्यात लॉकचा तोच आडवा छेद, दाराच्या दोन्ही बाजूंना तसेच पाण्याचे मापक आणि वरच्या टप्प्यातले पाणी संपल्यावर बोट रुतण्याचा तोच नियम होता. मासिकांनी त्या कल्पनेचे तोंड भरून कौतुक केले. तीस वर्षे झाली. मी तो योगायोग मानलेला नाही आणि मानणार नाही.

आमच्या सॉलिसिटर बाईंनी कराराच्या चौदाव्या पानावरचे एक कलम शोधून काढले. आमची चूक नसताना करार रद्द झाला तर हक्क आमच्याकडे परत यावेत आणि आगाऊ रक्कम परत मागता येऊ नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. तरीही प्रकाशकाने सही करायला फेब्रुवारी १९९५ उजाडवला, आणि त्या सहीच्या बदल्यात आधीच्या खेळांच्या रॉयल्टीचे ११,००० पौंड आम्हाला सोडून द्यावे लागले. ते आमच्या घामाचे होते.

डिसेंबरमध्येच मी भाईंच्या दुकानात ते पत्र काउंटरवर ठेवले होते. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि विचारले, "पीसीवर चालेल का?" मी हो म्हणालो. त्यांनी ३०० प्रतींचे प्रत्येकी १२ पौंडांप्रमाणे आगाऊ पैसे तिथेच लिहून दिले. हक्क अजून आमच्या हातात आलेले नव्हते आणि ते मी त्यांना सांगितलेही होते. डॉसवर कॉपर नव्हता, म्हणून २५६ पैकी ३२ रंग आम्ही पाण्याखालच्या छटांसाठी राखून ठेवले आणि खेळ दोन फ्लॉपींत बसवला. १९९५ च्या मे महिन्यात भाईंच्या दुकानामागच्या खोलीत त्यांच्या पत्नी, माझी आई, भागीदार आणि मी अशा चौघांनी बसून फ्लॉपींवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तीनशे प्रती तीन आठवड्यांत संपल्या आणि स्टुडिओ वाचला.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मराठी मुलांना, विशेषतः पुण्याहून इकडे शिकायला येणाऱ्यांना, माझे सांगणे आहे की करारातले हक्क परत येण्याचे कलम सही करण्यापूर्वी वाचा, आणि मूळ कोड व चित्रांची एक प्रत स्वतःच्या घरी ठेवल्याशिवाय मास्टर कोणाच्याही हाती देऊ नका. हप्त्याची व्याख्या 'प्रकाशकाचे समाधान झाल्यावर' अशी असेल तर ती बदलून घ्या. कोणता भाग चालला म्हणजे काम पूर्ण, ते लेखी असावे. प्रकाशक रागावला तर रागावू द्या.

त्यानंतर प्लेस्टेशन, मोबाइल आणि स्टीम (पीसीच्या खेळांचे ऑनलाइन दुकान) यांवर आम्ही चौदा खेळ काढले, २०१४ पासून सरकारची करसवलतही मिळू लागली, आणि एकाही महिन्याचा पगार चुकला नाही. भागीदार आता निवृत्त होऊन कालव्यावर बोटीतच राहतो. भाई हयात नाहीत, पण त्यांचा मुलगा प्रत्येक नव्या खेळाची पहिली प्रत आजही विकत घेतो, भेट म्हणून स्वीकारत नाही.

कालव्याच्या खेळाच्या नव्या आवृत्तीत आता हवे तेवढे रंग आहेत. गेल्या वर्षी रुजू झालेल्या एका मुलीने मला विचारले की, बोटीची पाण्यावरची उंची अमुक एका मापाच्या खाली जाऊ नये अशी अट कोडमध्ये का आहे, ती काढून टाकू का. मी कपाटातून जुना स्पेक्ट्रम काढला, पहिली कॅसेट लावली आणि भागीदाराच्या त्या स्क्रूड्रायव्हरने हेडजवळचा स्क्रू थोडा फिरवला. खेळ पहिल्याच वेळी लोड झाला. तिने बोट चढताना पाहिली, आणि ती अट आहे तशी राहिली.