तुम्ही विचारलंत म्हणून: रेसिडेंट डॉक्टरांना पेशंटचं काही पडलेलं असतं का?

सोलापुरात घरचं कुणी मोठ्या रुग्णालयात ॲडमिट असलं की हा प्रश्न हमखास येतो. “वॉर्डात सगळं ते शिकाऊ डॉक्टरच बघतात हो. त्यांना पेशंटच्या जिवाची काळजी असते, की नुसती ड्यूटी ढकलतात?”

आधी ‘शिकाऊ’चं बघू. रेसिडेंट म्हणजे एमबीबीएस होऊन, नोंदणी करून, पुढे एमडी-एमएस करणारा डॉक्टर. पहिल्या वर्षाचा तो जेआर वन, म्हणजे ज्युनिअर रेसिडेंट. रक्त काढणं, रिपोर्टमागे धावणं, केसपेपरवर औषधं उतरवणं, रात्री दोनला सलाईन बघणं हे सगळं त्याच्याकडे. वर जेआर टू, जेआर थ्री, लेक्चरर, युनिट हेड.

काळजी असते. अनुभवी डॉक्टरकडूनही चूक होऊ शकते का, असं विचारलं तर बहुतेक रेसिडेंट लगेच हो म्हणतील. तुझ्याकडून झालेली चूक लिहून देशील का, म्हटलं की मान खाली जाते. खरी गाठ इथे आहे. चूक झाली की वॉर्डात पहिला प्रश्न येतो ‘कुणी केलं?’ ‘कसं झालं?’ असं कुणी विचारत नाही. मग जेआर वन पहिल्या महिन्यातच शिकतो, की निस्तरायचं आणि गप्प बसायचं.

गप्प बसल्यानं काय होतं ते पोटॅशियम क्लोराईडवरून कळेल, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम कमी झालं की देतात त्या औषधावरून. त्याच्या १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (हे त्याचं मोजमाप) पोटॅशियम असतं. ते थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. साध्या वॉर्डात, हाताच्या शिरेतून, तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर सहसा देत नाहीत, तेही सलाईनमध्ये मिसळून. टांगलेल्या बाटलीत सुई खुपसून ते सोडलं तर तळाशी साचतं आणि पेशंटला पहिला झोत जवळपास निव्वळ पोटॅशियमचा जातो. बाटली खाली काढायची, औषध घालायचं, चार-सहा वेळा उलटी-सुलटी करायची, वर लेबल लावायचं, मग टांगायची. हे अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये पडलेलं असतं, दोन्ही पाण्यासारखी. सिस्टरनं ऐनवेळी हात धरला, अनर्थ टळला, सगळ्यांनी सुस्कारा सोडला. लिहिलं कुणीच नाही. पुढच्या आठवड्यात तोच ट्रे, रेसिडेंट दुसरा. त्या टळलेल्या चुकीची दोन ओळींची नोंद झाली असती तर अँप्यूल वेगळ्या, कुलपाच्या कप्प्यात गेलं असतं. खर्च एका कुलपाचा.

इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडे कुपी बहुतेकदा ४० युनिट प्रति मिलीची. तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० वाल्याची नारिंगी. ४० च्या कुपीतून १०० च्या सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर पेशंटला मिळतात फक्त ८ युनिट. सकाळी साखर चारशे. राऊंडला डोस वाढतो, परत वाढतो. मग एके दिवशी स्टोअरमधून बरोबर सिरिंज येते, आणि पहाटे पेशंट घामानं निथळलेला, बेशुद्ध. कागदावर सगळं बरोबर. आणखी एक खोड म्हणजे ‘युनिट’साठी इंग्रजीतलं नुसतं यू लिहिणं. घाईच्या अक्षरात तो शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

सोलापूरची स्वतःची एक अडचण आहे. इथे पेशंट येतो धाराशिवकडून, विजयपुराकडून, कलबुर्गीकडून, आणि शहराच्या पूर्व भागातून, जिथे घरात तेलुगू बोलतात. एका वॉर्डात दोन सिद्धाराम आणि दोन अंबादास असणं यात नवल नाही. “तुम्ही सिद्धाराम ना?” असं विचारलं की कानडी म्हातारा मान डोलावतो, डॉक्टरला नाही कसं म्हणायचं? म्हणून नाव सांगायचं नाही, विचारायचं. कानडीत ‘निम्म हेसरु एनु?’, तेलुगूत ‘मी पेरु एमिटि?’, म्हणजे तुमचं नाव काय? (पेरु म्हणजे नाव, लक्ष्मी मार्केटातला पेरू नव्हे.) आणि जोडीला आयपीडी नंबर, म्हणजे ॲडमिट करताना मिळालेला नंबर. खाटेचा नंबर ही ओळख नव्हेच. खाटा रात्रीत बदलतात, गर्दीत खाली गादी पडते. रक्ताच्या नळीवर नाव खाटेपाशीच लिहायचं, टेबलावर येऊन आठवून नाही. चुकीच्या गटाचं रक्त चढण्याची सुरुवात पुष्कळदा या नळीपासून होते.

सगळ्यात नाजूक वेळ ‘ओव्हर’ची, म्हणजे एकानं पेशंट दुसऱ्याच्या हवाली करण्याची. देणारा इमर्जन्सी डेपासून, म्हणजे त्याच्या युनिटकडे तातडीचे पेशंट येतात त्या दिवसापासून, जागा. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्यूटी एरवी १२ तासांच्या वर नको असं म्हटलंय. वॉर्डातलं घड्याळ वेगळं चालतं. तो म्हणतो, “तेवीस नंबर स्टेबल आहे.” स्टेबल म्हणजे काय? हवं ते असं: “तेवीस, निमोनिया, रात्री ऑक्सिजन दोन लिटरवरून चारवर नेला, दहाला गॅसचा (रक्तातल्या ऑक्सिजनचा) रिपोर्ट येईल, श्वास मिनिटाला तीसच्या वर गेला तर मला नको, थेट आयसीयूला कळव.” ऐकणाऱ्यानं ते उलट म्हणून दाखवायचं. एक मिनिट लागतं. तीस पेशंटचं असं करायला अर्धा तास कुणाकडेच नसतो. निदान गंभीर चौघांचं करावं, खाटेपाशी उभं राहून.

ऑपरेशन थिएटरबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये १९ मुद्द्यांची यादी दिली: भुलीआधी, छेद घेण्याआधी, पेशंट बाहेर नेण्याआधी थांबून मोठ्यानं म्हणायची. पुष्कळ ठिकाणी जेआर वन ती नंतर एका दमात टिक करून टाकतो. आळस थोडा, भीती जास्त. सरांच्या हातात ब्लेड असताना “सर, एक मिनिट, बाजू डावी की उजवी?” म्हणायला धाडस लागतं. सरांनी एकदा स्वतःहून “चला, यादी वाचा” म्हटलं की पोरगं खणखणीत वाचतं.

तुम्ही नातेवाईक म्हणून एवढं करा. इंजेक्शन घेऊन कुणी आलं की पेशंटचं पूर्ण नाव आपणहून सांगा, कशाची ॲलर्जी आहे ते दर वेळी सांगा, आणि रात्री आठला नवा डॉक्टर आला की विचारा, “सकाळच्या डॉक्टरांनी याच्याबद्दल काय सांगितलं?” तो थोडा वैतागेल, पण केसपेपर उघडेल.