चांदीच्या दूर्वा

पुण्यातल्या सोसायट्यांचे कंपोस्टचे हौद सांभाळायचं काम करतो मी. एरवी निवांत असतं, पण अनंत चतुर्दशी झाली की निर्माल्य पोत्यांनी येतं, दूर्वा, जास्वंद, झेंडू, केवडा आणि त्यातच दोरे, थर्माकोल, प्लॅस्टिकचे मोती, ते वेचण्यातच अर्धा दिवस जातो.

विसर्जनानंतर सहाव्या दिवशी एका सोसायटीतून फोन, काकूंची चांदीच्या दूर्वांची जुडी निर्माल्यात गेलीय, शोधून द्या. सहा दिवसांनी आठवलं! तसा तो ढीग मी दोन दिवसांनी पालटणारच होतो, म्हटलं आजच करू.

पावडं घातलं तशी भसकन वाफ आली, वॉचमन पाण्याची बादली घेऊन धावला, त्याला वाटलं पेटलं. थर्मामीटर ६२ अंश दाखवत होता. आग कसली, कचरा खाणाऱ्या जिवाणूंचीच ती ऊब, ढीग मीटरभर उंच-रुंद असला की आतच साठते. वरचा झेंडू नुसता मळकट झालेला, वीतभर खाली जास्वंदीचा पत्ताच नाही, केवड्याची पानं मात्र जशीच्या तशी.

तळाशी गेलो आणि वास बदलला. नासक्या अंड्यांचा. ओल्या दूर्वा एकावर एक दबून गच्च लगदा झालेला, हवा जायला जागाच नाही. चूक आमचीच, पाऊस चालू होता, सुका पालापाचोळा मिळेना म्हणून हात आखडता घेतला होता. नायट्रोजनच्या २५-३० पट कार्बन लागतो, तो येतो सुक्या पानांतून, आणि ढीग मोकळाही तीच ठेवतात.

जुडी तिथेच सापडली, पण काळीकुट्ट. काकू म्हणाल्या, "ही माझी नाही रे, माझी चांदीची होती."

म्हटलं, "काकू, चांदीची आहे म्हणूनच काळी पडली!" हवा नसली की वेगळेच जिवाणू वाढतात, त्यांच्यामुळे गंधकाचा घाण वासाचा वायू सुटतो, तो लागला की चांदीवर काळा थर धरतो. मग त्यांच्याच किचनमध्ये वाडग्यात अॅल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा, वर कढत पाणी, पाचेक मिनिटांत जुडी पांढरी झाली, वाडग्याला मात्र तोच अंड्यांचा वास.

"आता ही देवाला चालेल का रे?" काकूंनी विचारलं. याचं उत्तर काही माझ्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. खाली आलो, दुसऱ्या सोसायटीतून चार पोती सुका पाला मागवला आणि अंधार पडेपर्यंत अख्खा हौद पालटला. दोन दिवसांत तो वास गेला. मातीचा वास यायला अजून महिना तरी होता.