बारा किलोंची थैली

डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि बघता बघता सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. ऑपरेशन पराक्रम, म्हणजे पाकिस्तानच्या सीमेवर सैन्याची जमवाजमव, सुरू झालं होतं. मी तेव्हा हवाई दलात फ्लाइंग ऑफिसर होते, उत्तरेकडच्या एका युनिटमध्ये चीता हेलिकॉप्टरवर को-पायलट. हकीमपेटला चेतक हेलिकॉप्टरवर शिकून आले होते, पण डोंगरातल्या हेलिपॅडवर कॅप्टन म्हणून उतरायची परवानगी मला अजून नव्हती. ती मिळेपर्यंतचे सहा महिने आणि मिळाल्यावरचं पहिलं उड्डाण, याबद्दल लिहिते आहे. युद्ध शेवटपर्यंत जाहीर झालं नाही. आमचा प्रत्येक दिवस मात्र ते आजच सुरू होईल असा धरूनच उजाडायचा.

भीती वाटायची का, असं लोक विचारतात. माझा दिवस वजनात जायचा. मैदानात चीता पाच माणसं घेऊन आरामात उठतं. बारा हजार फुटांवर हवा विरळ, ती इंजिनालाही पुरत नाही आणि पात्यांनाही. ऊन चढलं की ती आणखी पातळ होते, म्हणून शक्यतो पहाटेच निघायचं. शंभर लिटर इंधन कमी भरलं तर साधारण ऐंशी किलो वाचतात, म्हणजे एक माणूस. पण वाटेत ढग आडवे आले तर वळसा घ्यायला तेवढंच इंधन कमी! फ्लाइट कमांडर सर रोज पहाटे माझे आकडे पुसायचे आणि पुन्हा मांडायला लावायचे. चीता ज्या फ्रेंच लामा हेलिकॉप्टरवरून आलं, त्या लामाने १९७२मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला होता. सर म्हणायचे, "विक्रम पाठ कर, पण त्यासाठी काय काय काढून टाकलं होतं तेही पाठ कर." आत एकटा पायलट होता आणि नडेल ते सगळं सामान उतरवलेलं.

परवानगीच्या वाटेवर मला खरं अडवलं ते हायड्रॉलिक्सच्या सरावाने. हायड्रॉलिक्स म्हणजे तेलाच्या दाबाने कंट्रोल हलके करणारी यंत्रणा. ती बंद केली की सायक्लिक (दिशेचा दांडा) आणि कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारा दांडा) हाताला दगडासारखे लागतात. "मुलीच्या हातांना झेपेल का?" हे माझ्या तोंडावर कुणी म्हटलं नाही, पण माझ्या कानावर येईल इतक्या मोठ्याने म्हटलं गेलं. १९९९मध्ये कारगिलच्या लढाईत गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी हेच चीता उडवलं होतं, तरीही. पहिल्या खेपेला मी नुसत्या जोरावर झुंजले आणि उतरताना हेलिकॉप्टर डोलायला लागलं. सरांनी कंट्रोल घेतले. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एवढंच दाखवलं, की कोपरापासून मनगटापर्यंतचा हात मांडीवर टेकवायचा, वेग आधीच उतरवायचा, उतरायचा कोन उथळ ठेवायचा आणि हवेत थांबायच्या भानगडीत न पडता थोडं घसरत टेकायचं. तिसऱ्या खेपेला जमलं.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल आम्ही बायका फारसं बोलत नाही. वरच्या पोस्टवर बाईसाठी आडोसा नसायचा, म्हणून मी पाणी पीतच नसे. उंचीवर हे किती चुकीचं आहे ते डोकं ठणकायला लागल्यावर कळलं. शेवटी मी सरांना स्पष्ट सांगितलं. त्याच आठवड्यात दोन पोस्टवर ताडपत्रीचा आडोसा उभा राहिला. मी सहा महिने आधीच बोलायला हवं होतं.

जूनमध्ये परवानगी मिळाली. चौथ्या दिवशी सकाळी नऊला एका पोस्टवरून निरोप आला, जवानाच्या फुप्फुसात पाणी भरतंय. उंचीमुळे होणारा हा आजार. ऑक्सिजन द्यायचा आणि माणसाला लवकर खाली आणायचं, हाच त्यावरचा इलाज. ऊन चढलं होतं. मागची सीट काढली, अवजारांची पेटी काढली, इंधन मोजून घेतलं. तरी आकडा बसेना. वर जाताना पत्रांची थैली न्यायची असा आमचा नेम होता. सार्जंटने ती काट्याला अडकवली. बारा किलो. "मॅडम?" एवढंच तो म्हणाला. मी मान हलवली आणि त्याने थैली खाली ठेवली.

पॅड कड्याच्या अगदी टोकाला होतं. जमिनीजवळ पात्यांखालची हवा गादीसारखी होते आणि हेलिकॉप्टर कमी ताकदीत तरंगतं. कड्यावर ती गादी अगदी शेवटच्या क्षणी मिळते, तोवर सगळा भार इंजिनावर. वारा कळावा म्हणून पॅडवर केलेला धूर डावीकडे कलला होता. ताकद तपासायला एक फेरी घेतली, दुसऱ्या फेरीत टेकले. चौघांनी स्ट्रेचर आत सरकवला. त्यांच्यामागून एक पोरगेलासा जवान वाकत आला, त्याने मागच्या जागेत पाहिलं, स्ट्रेचरच्या खाली पाहिलं आणि काही न विचारता परत गेला.

रुग्णाचे ओठ निळे पडले होते. को-पायलटने खाली पोहोचेपर्यंत त्याच्या तोंडावरचा मास्क हाताने धरून ठेवला. आम्ही टेकलो तेव्हा त्याचे डोळे उघडे होते.

पुढचे चार दिवस ढग हटले नाहीत. पाचव्या दिवशी पहाटे, इंधनाच्याही आधी, मी थैली चढवली. वर तोच मुलगा आला. थैली खाली उतरताच तो तिच्यावर पालथा पडला, पात्यांच्या वाऱ्याने तिचं तोंड उघडून पत्रं उडू नयेत म्हणून. मी उठून कड्यापलीकडे जाईपर्यंत तो तसाच पडून होता.