रस्ता रिकामा, ओझोन चढलेला

एप्रिल २०२०. पुण्यात कडक लॉकडाऊन. हवा मोजणाऱ्या यंत्रांची देखभाल हे माझं काम, त्यामुळे पास दाखवत नाकाबंद्या ओलांडत मी फिरत होतो. एका सकाळी साहेबांचा फोन आला, "चौकातल्या स्टेशनचं ओझोनचं मशीन गेलंय वाटतं. रात्री आकडा खालीच येत नाही. डेटा रद्द करू का?"

शंका रास्त होती. एरवी त्या चौकात दिवस मावळला की ओझोन (जमिनीलगत हा वायू श्वासाला बाधणारा प्रदूषक) झपाट्याने उतरतो आणि रात्रभर शून्याच्या आसपास पडून असतो. त्यात बातम्या सगळ्या एकाच सुरातल्या: हवा स्वच्छ झाली! धूलिकण घटले, नायट्रोजन डायऑक्साइड घटला, मग हा एकटाच वर कसा?

"रद्द करू नका, मी बघून सांगतो," म्हणालो आणि निघालो.

यंत्रं ठेवलेल्या शेल्टरमध्ये एसी चालू होता, पंपाचा आवाजही नेहमीचाच. फिल्टर बदलला, बाहेरची हवा यंत्रात आणणारी सॅम्पल लाइन तपासली. ती टेफ्लॉनचीच लागते, कारण ओझोन इतका चिडका वायू की भलतीच नळी लावली तर यंत्रापर्यंत पोचायच्या आतच तिच्याशी भिडून संपतो. मग झीरो हवा, म्हणजे ओझोन नसलेली हवा दिली, आकडा शून्यावर. स्पॅन, म्हणजे ठरावीक प्रमाणाचा ओझोन दिला, तोही बरोबर. २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश ओझोन किती शोषतो यावरून हे यंत्र त्याचं प्रमाण काढतं. दिवा ठणठणीत होता.

शेवटी शेजारच्या नॉक्स अ‍ॅनालायझरचा, म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचा रात्रीचा आलेख उघडला, तर नायट्रिक ऑक्साइड जवळजवळ नाहीच. हा वायू गाड्यांच्या धुरातून येतो आणि भेटेल तो ओझोन खाऊन नायट्रोजन डायऑक्साइड होतो. वर्दळीच्या चौकात रात्री ओझोन उरत नाही तो यामुळे. हवा चांगली असते म्हणून नव्हे. गाड्या थांबल्या आणि खाणाराच गेला. दुपारी मात्र ऊन एप्रिलचंच होतं, आणि उन्हात ओझोन तयार व्हायला थोडे नायट्रोजनचे ऑक्साइड, पेट्रोल-थिनरसारख्यांच्या वाफा, झाडांतून निघणारी संयुगं एवढी सामग्री पुरते.

साहेबांना सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे एरवी शहराबाहेर जास्त असणार?" अगदी बरोबर. वाऱ्याबरोबर धूर पुढे सरकतो, वाटेत नायट्रिक ऑक्साइड संपतो आणि ओझोन शिल्लक राहतो. वर्दळीच्या रस्त्यापेक्षा शहराबाहेरच्या शेतावर आकडा जास्त दिसला तर मला आता नवल वाटत नाही. गहू, सोयाबीन ही पिकं तर ओझोनला फार हळवी.

ऋतूंचंही सगळीकडे सारखं नसतं. आमच्याकडे मार्च ते मे वाईट. पावसाळ्यात ढग आणि समुद्रावरची हवा आली की सगळंच उतरतं. दिल्लीकडे हिवाळ्यातल्या धुरक्याची चर्चा होते, पण तिथला ओझोन मे-जूनच्या उन्हात चढतो. मुंबईला उन्हाळ्यात समुद्रवारा सांभाळून घेतो, तिथे हिवाळा जड जातो.

तो डेटा वैध म्हणून गेला. घरी आल्यावर मेहुण्याचा फोन: हवा इतकी छान आहे, तर दुपारी गच्चीवर व्यायाम करू का? म्हटलं, कर, पण सकाळी सातला. दुपारी तीनला नको.