पैनगंगेपलीकडचा भाव

परवा धाकट्या भावाचा गावाहून फोन आला. हमीभावानं कापूस द्यायचा तर आता मोबाइलवर अ‍ॅपमध्ये नोंदणी करावी लागते. सातबारा, आधार सगळं टाकून झालं, तरी त्याचा नंबर लागत नव्हता. "दादा, रांग काही सुटली नाही आपली," म्हणाला.

त्या रांगेत मी स्वतः बसलो आहे. आजच्या पोरांना माहीत नसेल, पण १९७२ पासून जवळपास तीस वर्षं महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. आपण पिकवलेला कापूस सरकारी संकलन केंद्रावरच घालायचा. व्यापाऱ्याला विकला तर गुन्हा, राज्याबाहेर नेला तरी गुन्हा. हेतू वाईट नव्हता. व्यापारी मापात मारायचे, अडल्यानडल्याला पडत्या भावात गाठायचे. त्यातून शेतकरी सुटेल म्हणून आमच्या बाबांनीही योजनेचं मनापासून स्वागत केलं होतं. पण दहा गिऱ्हाइकांच्या जागी एकच उरलं, आणि त्या एकाला घाई कधीच नव्हती.

१९८७ च्या दुष्काळानंतरचा हंगाम. मी आठवीत होतो. बाबांबरोबर बैलबंडीवर बसून तालुक्याच्या केंद्रावर गेलो आणि दोन रात्री रांगेत काढल्या. बैलांचा कडबा दुसऱ्याच दिवशी संपला. तिसऱ्या दिवशी ग्रेडर आला. बंडीत हात घालून मूठभर कापूस ओढला, बोटांत धागा ताणून पाहिला आणि ओल आहे म्हणत प्रत उतरवली. तो कापूस आईनं वेचलेला होता. अंगणात दोन दिवस ऊन दाखवून, कवडी म्हणजे किडका कापूस आणि काडीकचरा हातानं निवडून काढलेला. बाबा काही बोलले नाहीत. बोलून जायचं कुठे? दुसरं दार उघडं असतं तर त्या माणसानं कापूस पुन्हा एकदा नीट बघितला असता, असं मला आजही वाटतं. पुढे चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, आला तोही सोसायटीचं कर्ज कापून.

उरलेला कापूस बाबांनी पैनगंगेपलीकडे, तेव्हाच्या आंध्रात, आदिलाबादला विकायचं ठरवलं. तिथं भाव जास्त आणि पैसे रोख. रात्री निघताना त्यांनी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडून आईच्या हातात दिल्या. नदीला गुडघाभर पाणी होतं. पलीकडच्या काठाला लागल्यावर ते पहिल्यांदा बोलले, "आपल्याच घरचा कापूस, अन् चोरावानी न्या लागते."

बाहेरचा भाव पडला की सगळं उलटं व्हायचं. परराज्यातला कापूस इकडच्या कुणाच्या तरी सातबाऱ्यावर केंद्रात शिरायचा आणि तोटा योजनेच्या माथी बसायचा. प्रामाणिक अधिकारी नेमूनही हे थांबलं नसतं. मुंबईत ठरलेला भाव हंगामभर तोच राहणार, बाजार रोज हलणार. मधल्या फरकावर कुणीतरी जगणारच.

पुढे बाबा शेतकरी संघटनेत गेले. शरद जोशींच्या आंदोलनातली 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर गेरूनं लिहिली होती. २००२ मध्ये खासगी खरेदी खुली झाली. त्यामुळे सुबत्ता आली असं मी म्हणणार नाही. विदर्भातल्या आत्महत्या थांबल्या नाहीत, आमच्या गावातलीही दोन घरं त्यात गेली. पण २०२२ च्या जानेवारीत, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये असताना बाजार दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा धाकट्याला तो दर मिळाला. त्यासाठी नदी ओलांडावी लागली नाही.

दाराची किल्ली मात्र अजून सरकारकडेच आहे. भाव चढले तेव्हा २०१० मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये निर्यात थांबवली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयातीवरचं ११ टक्के शुल्क त्या वर्षअखेरपर्यंत काढलं. मित्र विचारतात, तू खुल्या बाजारवाला, मग आयात का खुपते? मला शुल्क गेल्याचं दुःख नाही. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलियात कापूस तणनाशक सहन करणाऱ्या वाणांचा पिकतो आणि तिथली रुई इथं राजरोस येते. तसल्या बियाण्याला इथं परवानगी नाही, ते माझ्या भावानं पेरलं की तो गुन्हेगार. निंदणाला मजूर मिळत नाही, पाऊस लागला की तण कमरेपर्यंत जातं. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून दाखवलं, त्यालाही आता किती वर्षं झाली. बियाणं मोकळं करा, निर्यातीला पुन्हा हात लावू नका. मग पडता भावही आम्ही सोसू.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० होता, खासगीत त्याहून कमी. तरी भावानं अर्धा कापूस खासगी जिनिंग कारखान्यात घातला, पोरीची फी भरायची होती. बाकीचा पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवलाय. पोरं त्यावर उड्या मारतात, त्याची बायको अंगाला खाज सुटते म्हणून कावते, आणि तो रोज सकाळी चहा घेताना दोन-तीन गावांचे भाव फोनवर विचारून घेतो.