आर्सेनियस यांच्या कुटीतला पाहुणा

अण्णा परवा माझ्याशी काहीच बोलले नाहीत, आणि तेव्हापासून वाळवंटातल्या प्राचीन ख्रिस्ती संन्याशांच्या गोष्टींमधला, अब्बा (म्हणजे गुरुपिता) आर्सेनियस यांच्या कुटीतून परतलेला तो निनावी धर्मबंधू मनातून हलत नाही. इजिप्तमधल्या स्केतिसच्या वाळवंटात तो केवळ त्यांच्या भेटीसाठी आला होता. चर्चमधल्या मंडळींनी आधी चार घास खाऊन घ्यायला सांगितले, तेव्हा भेट झाल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही असे म्हणाला. कुटी दूर होती म्हणून एक जण सोबत आला. नमस्कार झाले, तिघे बसले, आणि त्यानंतर कोणीच बोलले नाही. सोबती निघाला तेव्हा अवघडलेला पाहुणाही त्याच्याबरोबर बाहेर पडला.

ही गोष्ट वाचताना पूर्वी मौनाची थोरवी मनात राहत असे. या वेळी फक्त उपाशी पाहुणा दिसला. त्याची साधी विचारपूस करायला काय हरकत होती? आर्सेनियस काही शब्दांना पारखे नव्हते. रोमन सम्राट थिओडोसियसच्या आर्केडियस आणि होनोरियस या मुलांचे ते शिक्षक होते. लॅटिन आणि ग्रीक विद्येत मुरलेला हा माणूस चौथ्या शतकाच्या अखेरीस राजवाडा सोडून वाळवंटात गेला, आणि बोलल्याचा पश्चात्ताप मला अनेकदा झाला, गप्प राहिल्याचा कधीच नाही, असे सांगू लागला. गप्प राहणाऱ्याला पश्चात्ताप होत नसेलही, पण समोर बसलेल्याचे काय? ज्याच्याकडे जीव टाकून जावे त्याला आपण आल्याचे काहीच वाटू नये, हे माझ्याच वाट्याला पुन्हा पुन्हा का येते? आईच्या वेळचे आत्ता लिहीत नाही.

आज दुपारी मात्र अब्बा मार्क यांचा प्रश्न पुन्हा वाचला. तुम्ही आम्हाला का टाळता, असे त्यांनी सरळच विचारले होते. आर्सेनियस म्हणाले, माझे तुमच्यावर प्रेम आहे हे देव जाणतो, पण देवाबरोबर आणि माणसांबरोबर एकाच वेळी राहणे मला जमत नाही. हे तुसड्या माणसाचे उत्तर नाही. हातांनी काम करताना ज्यांचे डोळे सतत वाहत आणि ते टिपायला मांडीवर फडके ठेवावे लागे, त्यांचे अंतःकरण कोरडे होते असे मी तरी म्हणणार नाही.

पाहुणा पुढे अब्बा मोशे यांच्याकडे गेला. पूर्वी दरोडेखोर असलेल्या मोशेंनी त्याचे आनंदाने स्वागत केले. दोघांपैकी कोण अधिक भावले, असे सोबत्याने विचारल्यावर त्याने मोशेंचेच नाव घेतले. हे ऐकून कोड्यात पडलेल्या एका वृद्ध संन्याशाने देवाची प्रार्थना केली, तेव्हा त्यांना नदीत दोन मोठ्या नौका दिसल्या: एकीत आर्सेनियस आणि पवित्र आत्मा शांतपणे चाललेले, दुसरीत मोशे आणि देवदूत मधाच्या वड्या खात असलेले. दोन्हींत पाहुणा कुठेच नाही, याचे काल मला फार वाईट वाटले होते. पण त्याला हवे ते मोशेंच्या दारात मिळालेच होते, आणि त्याने ते मोकळेपणाने सांगितले म्हणून कोणी त्याला दोष दिला नाही. मीही मोशेंच्याच दारची माणूस आहे. आर्सेनियस यांच्याजवळ काहीही न मागता बसावे, असेही वाटते. तेवढे बळ आज माझ्यात नाही.