कुठून मिळाली ही लक्ष्मी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी जमवलेल्या गिरण्यांच्या जुन्या तिकिटांच्या प्रदर्शनात दर वेळी कुणीतरी लक्ष्मीच्या तिकिटापाशी थबकतं आणि विचारतं, "ही कुठून मिळाली हो?" मी "जुन्या बाजारात" म्हणतो आणि पुढच्या तिकिटाकडे वळतो. ते खोटं आहे.

तिकिटं म्हणजे कापडाच्या ताग्यावर चिकटवलेली गिरण्यांची रंगीत चित्रं. कापडावर त्याची लांबी वारात छापणं १८८९च्या कायद्यानं सक्तीचं झालं, पण आठवड्याच्या बाजाराला आलेल्या बाईला आकडे कुठे वाचता येत होते? ती छापावरून कापड मागायची. १८९४ साली रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला, देव घरोघर पोचले. मग गिरण्यांनीही तसलीच लक्ष्मी छापून पायाशी आपलं नाव टाकलं. तागा संपला की ती कुणाच्या तरी देवळीत जायची. बिनपैशाचा देव.

२००९च्या उन्हाळ्यात बार्शी तालुक्यातल्या एका गावात, एका आजींच्या देवळीत ती मला दिसली. चौकटीची काच कधीच फुटलेली, कागदावर कुंकवाचा थर. मी बार्शीला जाऊन सोनेरी चौकटीची नवी लक्ष्मी आणली, वर पाचशे रुपये ठेवले.

"ह्यो फोटू लई झ्याक हाय," आजी म्हणाल्या. "ती न्ये बाबा. पर आदी ही ठिव, मग ती काढ. देवळी रिकामी नको."

मी तसंच केलं. त्यांनी दोघींना कुंकू लावलं आणि जुनी खणाच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "जपून न्ये. सासूबाईंनी लावल्याली हाय."

घरी चौकट उघडली. मागच्या वाळलेल्या खळीत कापडाचे चार तंतू अजून अडकलेले. मी हरखून गेलो. मग कापसाचा कोरडा बोळा घेऊन कुंकू टिपायला बसलो. दोन रात्री लागल्या. आधी कमळ दिसलं, मग पाऊल, मग गिरणीचं नाव. ते वाचता आलं तेव्हा मी बायकोला झोपेतून उठवलं.

वाळवीनं खाल्लं असतं, मी वाचवलं, असं तेव्हा सांगत सुटलो होतो. आजही म्हणेन, मातीच्या घरात कागदाचा भरवसा नाही. पण सासूपासून सुनेपर्यंत टिकलाच होता की! आणि फसवलं कुठे? आजी खूश होत्या. अशा तिकिटाला काय भाव येतो हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

परवा एक गृहस्थ म्हणाले, "रंग किती ताजे राहिलेत!" मी मान डोलावली. डाव्या अंगठ्यापाशी थोडं कुंकू अजून आहे. ते निघालं नाही की मीच ठेवलं, आता आठवत नाही.

मग परत का करत नाही, असं विचाराल. कुंकू पुसलेली लक्ष्मी घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ? आणि खरं सांगू का, मला ती द्यायची नाहीये.